धुराड्याची सावली

४ जानेवारी

दादा,

नमस्कार वगैरे शेवटी लिहीन, उरला तर.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी ओरडते आणि तू "आवाज तुटतोय गं" म्हणून ठेवून देतोस. पत्राचं बरं असतं, फाडायचं असलं तरी आधी उघडावं लागतं.

आज सकाळी दुकान उघडायला खाली आले तर दारावर नोटीस. नुसती माझ्या नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांवर. देवळाच्या जीर्णोद्धार समितीची. देवळाभोवतीचं पटांगण 'मूळ स्वरूपात' आणायचं आहे. मूळ स्वरूपात म्हणे इथे मोकळी जमीन होती. म्हणून आमची घरं अतिक्रमण, म्हणून पाडायची. कुणाला काही म्हणायचं असेल तर १९ फेब्रुवारीला सुनावणी. आणि पुरावा काय, तर आपल्या पणजोबांनी काढलेला देवळाचा फोटो. नोटिशीच्या मागे छापलाय. डावीकडे देऊळ, उजवीकडे पांढरंफटक रिकामं मैदान, आणि त्या मैदानात खाली पणजोबांची ती वळणदार सही.

त्याखाली आणखी एक सही आहे. तुझी. "फोटोची मूळ काच (निगेटिव्ह) माझ्या ताब्यात असून तिच्यावर कोणताही फेरफार झालेला नाही, असे मी प्रमाणित करतो."

मी तिथेच पायरीवर बसले. दोन गिऱ्हाइकं औषध घ्यायला आली होती, त्यांना म्हटलं आज मलाच काहीतरी द्या. अरे, हे घर तुझंही होतं ना? दर सुट्टीत माडीवर लोळायला यायचास ते कुठे, रिकाम्या मैदानात? पणजोबा याच घरातून कॅमेरा घेऊन बाहेर पडले असं तुझे बाबा प्रत्येक भाषणात सांगायचे. मग ते जन्मले कुठे, हवेत? पण आपल्याकडे कागद आजोबांच्या वेळेपासूनचे, त्याआधीचं सगळं तोंडी. तोंडाला समिती विचारत नाही आणि तुझ्या सहीला विचारते.

परक्यानं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. तू केसानं गळा कापलास. आईला अजून सांगितलेलं नाही. ती खिडकीशी बसून विचारते आहे, गल्लीत आज एवढा गलका कसला. तुझी काकू आहे ती, तूच सांग मी काय सांगू.

ठिणगी
(हे नाव लहानपणी तूच ठेवलंस. आता भोग.)


११ जानेवारी

चि. ठिणगी,

आधी एक पेलाभर पाणी पी आणि मग पुढे वाच.

समितीची माणसं माझ्या फोटो स्टुडिओत आली तेव्हा शिखराची दुरुस्ती करायची आहे एवढंच म्हणाली. शिखराचा वरचा भाग कसा होता हे पणजोबांच्या फोटोखेरीज कुठेच सापडत नाही म्हणे. मला अभिमान वाटला, का वाटू नये? तुझ्या गल्लीचं माझ्या कानावरही आलं नव्हतं. तुला आरोप करायची घाई फार.

पण आता सही झाली आहे आणि ती खोटी नाही. काच माझ्याकडे आहे, बाबांनी जशी दिली तशी आहे. फोटो खोटं बोलत नाही, ठिणगी, माणसं बोलतात. घराण्यात सांगतात त्या गोष्टींना तिखटमीठ लागतंच. त्या वेळी आपलं घर वेशीकडे कुठेतरी असेल, नंतर देवळाजवळ बांधलं असेल. कुणी पाहिलंय?

शिवाय ते पर्यायी जागा देणार आहेत असं ऐकतो. तुझ्या घराचं छप्पर दर पावसाळ्यात गळतं, जिन्याला कठडा नाही. काकूंना तळमजल्यावर नवं घर मिळालं तर वाईट काय? जरा थंड डोक्याने विचार कर.

एक आनंदाची बातमी तुला सांगायचीच राहिली. इथलं संग्रहालय पणजोबांच्या नावाने एक दालन काढतं आहे. ती काच, सहीसकट, दालनाच्या मधोमध असेल. आपल्या घराण्याचं नाव होतंय. थोडा आनंद तूही मान.

काकूंना नमस्कार.

तुझा दादा


१६ जानेवारी

दादा,

पाणी प्यायले. उपयोग झाला नाही.

उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्या बाबांकडूनच शिकलास. कठडा नाही म्हणे! कठडा नाही म्हणून घर पाडायचं असेल तर तुझ्या डोक्यावर केस नाहीत, त्याचं काय करायचं सांग.

असो. मी समितीच्या ऑफिसात गेले होते. तू सही दिलेला फोटो त्यांनी अख्ख्या भिंतीएवढा करून लावलाय. त्यासमोर उभी राहून आधी देवळाकडे पाहिलं, कारण उजवीकडे पाहायला काही ठेवलेलंच नाही. देवळाच्या जोत्यावरची हंसांची रांग आठवते? चोच तुटलेला हंस? तो तू मोडलास असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले. तर आज तुझी निर्दोष मुक्तता. फोटोत त्याची चोच तुटलेलीच आहे. या एका बाबतीत मी चुकले.

आता पुढचं नीट वाच. त्याच हंसावर एक सावली पडली आहे. एक तिरपी रेघ चढत जाते, टोकाला येते, पुन्हा उतरते. आणि उतरत्या बाजूवर एक चौकोनी खुंट. मी तिथल्या कारकुनाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "बाई, जुना फोटो आहे, डाग पडतात." मी म्हटलं, डागाला काटकोन असतो का? तो पान उलटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळी पटांगणात जाऊन उभी राहिले. ऊन आपल्या घरामागून येतं, तुला माहीत आहे. आपल्या छपराची सावली पटांगण ओलांडून जोत्यावर चढते. तिरपी रेघ चढते, टोकाला येते, उतरते, आणि उतरत्या बाजूवर आपल्या जुन्या स्वयंपाकघराचं धुराडं. फोटोतली सावली दोन हंस अलीकडे आहे एवढंच. ऊन रोज थोडं सरकतं, तो काही माझा दोष नाही. मी या आजच्या सावलीचा फोटो काढून सोबत पाठवला आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघ.

सावली आहे आणि घर नाही, हे कसं? तुझा धंदा आहे, तूच सांग. जोत्यावरची सावली राहिली आणि जोत्याच्या अलीकडचं सगळं पांढरं. पटांगणात एक दगड नाही, गवताची काडी नाही, एक कुत्रं नाही. एवढं स्वच्छ पटांगण मी जन्मात पाहिलं नाही, आणि मी रोज सकाळी ते झाडते.

त्या काळी काचेवर रंग लावायचे असं तूच मला सांगितलं होतंस. काचेवर जे काळं ते कागदावर पांढरं. मी तेव्हा लहान होते, पण बहिरी नव्हते. ती काच काढ, दिव्यासमोर धर आणि बघ.

ठिणगी


२७ जानेवारी

चि. ठिणगी,

तुझं पत्र मिळालं. कामाच्या गर्दीत उत्तराला उशीर झाला.

आभाळ रंगवायचे. सगळेच रंगवायचे, कारण त्या काचांवर आभाळ डागाळलेलं यायचं. त्याला कुणी फेरफार म्हणत नाही. तू म्हणतेस ती सावली मी पाहिली. पटांगणात तेव्हा एखादं झाड असेल, वठलेलं. तोडलेल्या फांदीचा खुंट तसा दिसतो.

काच काढून तिच्याशी खेळ करायला मी तयार नाही. आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे. आजोबांनी बाबांना सांगितलं, बाबांनी मला: काचेला पाणी लावायचं नाही. एकदा चित्र सुटलं की गेलं. फेब्रुवारीअखेर संग्रहालयाची माणसं ती न्यायला येणार आहेत. तोवर मला शांत राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, एवढं लक्षात ठेव.

दादा


३० जानेवारी

प्रिय ठिणगी,

तुझी वहिनी लिहिते आहे. तुझ्या दादाला सांगितलेलं नाही, पण पोस्टाचं तिकीट त्यांच्याच खणातून घेतलंय, तेव्हा कळेलच.

अगं, ते तुला झाड म्हणून लिहितात आणि इथे झोपेत धुराडं धुराडं करतात. तुझं हंसांचं पत्र आलं त्याच दुपारी त्यांनी स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. मी डबा घेऊन गेले तर काच टेबलावर आडवी, दिवा बाजूने धरलेला. असा आडवा उजेड पाडला की रंगाचा थर उंचावलेला दिसतो. मीसुद्धा पाहिला. नुसतं आभाळ नाही गं. उजवीकडचा अख्खा भाग लिंपलेला आहे, भिंतीला गिलावा करावा तसा. कुंचल्याचे फराटे दिसतात. मी म्हटलं, हे तर ठिणगी म्हणते तसंच आहे. तर मला म्हणाले, तुला यातलं काय कळतं.

छत्तीस वर्षं या माणसाच्या कपड्यांवरचे रसायनांचे डाग मी काढते आहे. डाग कुठला आणि गिलावा कुठला, एवढं मला कळतं.

ते वाईट नाहीत. घाबरलेत. त्यांचे वडील स्टुडिओच्या भिंतीवरच्या फोटोतल्या त्या सहीकडे बोट दाखवून त्यांना मारायचे: बघ, याला म्हणतात हात, तुझा हात बघ. जन्मभर त्या सहीच्या खाली बसून लोकांचे पासपोर्टचे फोटो काढले. आता ती सही दालनात जाणार तर यांना वाटतं आपणही जाणार. पण घाबरला म्हणून माणसाने काकूंचं घर पाडू द्यावं, हे मला पटत नाही. मी बोलून थकले. माझं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू बोल. तुझी भीती त्यांना लहानपणापासून आहे.

काकूंना सांग, माझे गुडघे त्यांच्यासारखेच झालेत.

वहिनी


३ फेब्रुवारी

दादा,

झाडाला धुराडं असतं का रे?

तुला माहीत होतं. झाड म्हणून लिहिलंस तेव्हा तू तो रंग डोळ्यांनी पाहिलेला होतास. पहिली सही अज्ञानात केलीस, चल, सोडून दिलं. दुसरं पत्र पाहून-समजून लिहिलंस. मला, जिच्या दारावर नोटीस आहे तिला. याला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही, कारण हे पत्र वहिनी वाचणार आणि तिच्यासमोर तोंड खराब करायची माझी इच्छा नाही.

आईला काल सांगितलं. ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्याला कळवलंस का? तो काहीतरी करेल." तुझ्यावर विश्वास आहे तिचा! मी जिन्यात जाऊन भिंतीवर हात आपटला, तेव्हा पोपडा पडला, तोही झाडून काढला. तुझं दालन होऊ दे. त्याच्या मधोमध काच असेल, आणि इथे मधोमध आई असेल, सामानाच्या गाठोड्यावर बसलेली. तिकीट लावा, दोन्हीकडे लोक येतील.

घराण्याचं नाव, घराण्याचं नाव! पणजोबा शहरात गेले ते परत आले नाहीत, आल्या त्या नुसत्या त्यांच्या काचा. पणजी इथे राहिली, आजोबांना तिने एकटीने वाढवलं. तुमच्या वाट्याला नाव आलं, आमच्या वाट्याला गळकं छप्पर. कधी तक्रार केली? आता ते छप्परही तुला नावात घालायचंय?

सोबत पार्सल आहे. माझ्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि कापसाचा गुंडाळा. बाटलीवर लेबल लावलंय ते वाच. काच धू, नाहीतर १९ तारखेला इथे ये आणि माझ्या ओट्यावर उभा राहून सगळ्यांसमोर सांग की तू उभा आहेस ते घर नव्हतंच. तिसरा रस्ता मी तुझ्यासाठी ठेवलेला नाही.

ठिणगी

(लेबलवर: फक्त बाहेरून लावण्यासाठी. दिवसातून एकदा, लाज वाटेपर्यंत.)


१२ फेब्रुवारी

ठिणगी,

धुतली.

तुझी बाटली चार दिवस टेबलावर होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक लेबल वाचून माझ्या तोंडाकडे बघायचं. तुझ्या वहिनीने ती हलवू दिली नाही.

मी आधी आभाळाच्या कडेला कापूस लावून पाहिला. दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं होतं. काचेवर चित्र असतं, त्यावर वॉर्निशचा पातळ पापुद्रा, आणि रंग त्या पापुद्र्यावर. वॉर्निश फाटलं असतं तर सगळं चित्र साईसारखं सुटून गेलं असतं. फाटलं नाही. कापूस काळा झाला आणि काच जशीच्या तशी. रंग म्हणजे काजळी आणि डिंक, बस. पाण्याने सहज जातो. बाबा म्हणायचे पाणी लावायचं नाही. मला वाटायचं, चित्र जाईल म्हणून. जाणार होता तो रंग. बाबांना माहीत होतं का, आजोबांना होतं का, कोण जाणे. हा विचार डोक्यात आला आणि मी भिंतीवरचं बाबांचं चित्र पालथं केलं.

मग उजवी बाजू घेतली. आधी छप्पर आलं. मग धुराडं, आणि त्यातून वर जाणारा धूर, पुसट. तुझ्या डावीकडची घरं आली, उजवीकडची आली, सगळी गल्ली ओळीने. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने हललेले. तू जिंकलीस. हे लिहिताना मला राग येतोय, पण तुझा नाही.

सही मी शेवटी ठेवली होती. ती त्यांनी रंगावरच सुईने कोरलेली होती, म्हणजे रंगाबरोबर जाणार हे दिसत होतं. जिच्याखाली बसून मी म्हातारा झालो ती सही, ठिणगी. डोळे मिटले आणि कापूस फिरवला.

तिथे तुझं दार आहे. आणि दारात एक बाई उभी आहे.

त्या काळी फोटो उमटायला काच कॅमेऱ्यात बराच वेळ उघडी ठेवावी लागायची. जो हलला तो धुकं झाला. गल्लीत तेव्हा माणसं असणार, एकही उमटलेलं नाही. फक्त ही उमटली आहे, नखशिखांत, चौकटीवर टेकवलेली बोटंसुद्धा मोजता येतील. म्हणजे तिला कुणीतरी सांगितलं होतं, हलू नकोस, श्वास घेऊ नकोस. तिने नाही घेतला. तिच्या गुडघ्यापाशी एक पांढुरका डाग आहे, हललेलं पोर. ते आपले आजोबा असणार, आयुष्यभर एका जागी बसले नाहीत.

पणजी आहे ती. दुसरं कोण असेल? त्यांनी तिला उभी केली, ती उभी राहिली, आणि मग घरी येऊन कुंचला घेतला. कशासाठी, तर फोटो विकत घेणाऱ्याला देऊळ मोकळं हवं असेल. गल्ली पुसली एक वेळ समजू शकतो. स्वतःच्या बायकोवर काजळी फासून तिच्या अंगावर सही करणाऱ्या माणसाच्या नावाचं दालन मी काढायला निघालो होतो! मी काच खाली ठेवली आणि स्टुडिओच्या बाहेर जाऊन फुटपाथवर शिव्या दिल्या. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेला माणूस परत गेला.

झाड म्हणून लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. तुझं खरं आहे.

१९ तारखेला काच घेऊन येतो. खालच्या कोपऱ्यात थोडा रंग ठेवला आहे. तो तिथे, त्यांच्यासमोर काढेन, म्हणजे कुणी बनावट म्हणायला नको. तुझी बाटली घेऊनच येतो.

दादा


२२ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

सुखरूप पोचलो. घरी न येता स्टँड गाठला त्याबद्दल तू चिडली असशील. खिडकीत काकू दिसल्या, त्यांनी हात हलवला, आणि मला पुढे पाऊल टाकता येईना. समितीसमोर "माझी सही खोटी ठरली" म्हणणं त्यापेक्षा सोपं गेलं.

संग्रहालयाने दालनाचं रहित केलं. मात्र त्यांच्या अधिकारी बाई म्हणाल्या की फोटो अजूनही दुर्मिळ आहे, त्यांना तो हवा आहे. अडचण एवढीच: सही कोरताना सुई रंगातून आरपार चित्रात गेली आहे. रंग धुतला तरी ओरखडे राहिले. कागदावर ते काळे उमटतात, पणजीच्या कपाळापासून कमरेपर्यंत. वळणं ओळखू येतात, ती सहीच आहे.

तर मी असं म्हणतो. सगळं आयुष्य माझं रिटचिंगमध्ये गेलं. हे ओरखडे मी असे बेमालूम भरून देईन की कुणाला पत्ता लागणार नाही. चेहरा स्वच्छ होईल. काकूंना भिंतीवर लावायलाही चांगला फोटो मिळेल. माझ्या हातून तेवढी तरी भरपाई होऊ दे. हो म्हणालीस तर उद्याच बसतो.

दादा


२७ फेब्रुवारी

दादा,

खबरदार हात लावलास तर.

आधी बातमी ऐक, मग शिव्या. समितीच्या अध्यक्षांनी तुझ्या हातातून बाटली घेऊन लेबल मोठ्याने वाचलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "लाज वाटेपर्यंत" म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. नोटीस काल मागे घेतली. पण ही माणसं सरळ घास देतील तर शपथ! घरं फोटोच्या काळापासूनची आहेत हे सिद्ध झालं ना, म्हणून आता घरंही संरक्षित. परवानगीशिवाय कौल बदलायचं नाही, चुना लावायचा नाही, दुकानाची पाटी हलवायची नाही. छप्पर गळतं म्हटलं तर म्हणाले, मूळ स्वरूपात गळत होतं का त्याचा पुरावा आणा. आगीतून फुफाट्यात. मी त्या कारकुनाला म्हटलं, पडलेलं घर बघायला तयार होतात, दुरुस्त केलेलं बघवत नाही होय? त्याने पुन्हा पान उलटलं.

पण घर आहे. आई खिडकीत आहे. तू ओट्यापासून पळालास ते तिने पाहिलं. म्हणाली, "बसची वेळ झाली असेल त्याची." अजून तुझीच बाजू घेते.

सुनावणीत तू माझ्या हातात दिलेला नवा फोटो तिने भिंग लावून पाहिला. मग माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, हीच. मग ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कशाचं लागलंय हिला?

नवऱ्याच्या सहीचं लागलंय असं कसं सांगू? सांगितलं शेवटी. ती म्हणाली, "पुसून नका टाकू हं."

ऐकलंस? मी म्हटलेलं नाही, तिने म्हटलंय. त्या माणसाने सुई धरली तेव्हा रंगाखाली कोण आहे हे त्याला माहीत होतं. सही करायला अख्खं मैदान मोकळं होतं, त्यानेच केलं होतं मोकळं. तरी नेमकी तिच्यावर केली. आणि इतकी जोरात की काचेपर्यंत गेली. हे दिसलं पाहिजे. संग्रहालयात दिसलं पाहिजे, समितीच्या भिंतीवर दिसलं पाहिजे, तुझ्या स्टुडिओत तुझ्या डोक्यावर दिसलं पाहिजे. एकदा त्याने रंगाने पुसली तिला. एकदा तू तुझ्या सहीने पुसलीस. आता चांगुलपणाने पुसायला निघालास! आपल्या घरातल्या पुरुषांना ही बाई आहे तशी उभी राहिलेली बघवतच नाही का?

मी रागावलेलीच आहे. राहीन. तुला माफ केलं असं समजू नकोस.

तो फोटो समितीच्या फोटोएवढा मोठा कर. ओरखड्यांसकट. मी तो दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर लावणार आहे, दार उघडलं की पणजीला समोर देऊळ दिसेल असा. त्यासाठी परवानगी मागणार नाही. जुन्या छापांखाली नुसतं 'देऊळ' लिहिलेलं असायचं. याच्याखाली तुझ्या हाताने लिही: पणजी, आपल्या दारात. बाजूला देऊळ.

पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये. वहिनीला आण, आई तिच्याशी गुडघ्यांबद्दल बोलायला टपली आहे. आणि या वेळी त्याच दारातून आत ये.

नमस्कार तुझ्यासाठी उरलेला नाही. वहिनीला सांग.

ठिणगी